दार नसलेल्या किल्ल्या

आमच्या गल्लीत लग्न होऊन आलेल्या बाईला सासरी सगळ्यात आधी काय मिळायचं, तर किल्ली. घराची नाही, कपाटाची नाही. कोपऱ्यावर निळ्या फरश्यांनी मढवलेलं उंच घर आहे, त्याच्या अंगाला एक बुटकं लाकडी दार होतं, त्या दाराची. दारातून बोळ, बोळातून मागचं अंगण, अंगणात दगडी टाकं. टाक्यात टेकडीच्या पोटातून झऱ्याचं पाणी यायचं, हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार. घराचे मालक बदलले, भाडेकरू आले नि गेले, पण दार मात्र गल्लीतल्या बायकांचं. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. पाणी उताराकडे जातं हे तरी कुठे लिहिलेलं असतं?

कुलूप एकच, त्यामुळे किल्ल्या सगळ्या सारख्या. मग ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीनं आपल्या किल्लीला काही ना काही बांधलेलं. कुस्तोदिया मावशीच्या किल्लीला लाल लोकर. झुल्मिराच्या किल्लीला संत आंतोनीचा पितळी बिल्ला. आर्मिंदाचा नवरा दर्यावर जायचा, तिच्या किल्लीला जाळ्याच्या दोऱ्याची गाठ. आणि माझ्या आईच्या किल्लीला एक निळं बटण, माझ्या पहिल्या झबल्याचं. आई गेली, झबलं गेलं, बटण राहिलं.

मी हॉस्टेलं आखते. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्या पोरापोरींसाठी, जुन्या शहरांच्या जुन्या घरांत. लोकांना वाटतं, यात काय आहे, एका खोलीत चार दुमजली खाटा कोंबल्या की झालं. पण आमच्या पोर्तोची जुनी घरं अरुंद आणि खोल, पुस्तकांच्या कपाटात पुस्तक असावं तशी. पुढं खिडकी, मागं खिडकी, मधे नुसता जिना आणि जिन्यावर छताची काच. मधल्या खोल्यांत उजेड न्यायचा कसा, इथूनच माझं काम सुरू होतं. मग बारीकसारीक. पाठीवर पिशवी असलेली दोन माणसं जिन्यात समोरासमोर आली तर त्यांची पंचाईत होऊ नये. खाटेच्या शिडीची पायरी चपटी हवी, अनवाणी पावलाला टोचू नये. ओला टॉवेल टांगायला खुंटी हवी, पण शेजारच्याच्या उशीवर ठिबकणार नाही अशी. आणि प्रत्येक खाटेला पडदा. कारण लांबून आलेलं एकटं माणूस दिवसभर हसतं, बोलतं, फोटो काढतं, आणि कधीतरी त्याला दोन मिनिटं रडायचं असतं.

हे काम मी तेल्मोबरोबर करत आले. तेल्मो पहाडातल्या गावचा, शिकायला शहरात आला आणि कुस्तोदिया मावशीच्या माडीवर भाड्यानं राहिला. मावशी म्हणजे माझ्या बाप्तिस्म्याला जिनं मला हातांवर घेतलं ती. आईनंतर आईच. तेल्मो उंच, मावशीचं घर ठेंगणं, त्याच्या कपाळाला रोज टेंगूळ. मावशी त्याला कोबीचं सार आणि मक्याची भाकरी वाढायची, त्याचे मोजे रफू करायची, आणि म्हणायची, "देवानं मला मुलगा दिला नाही, शिडी दिली. दिवा बदलायला बरी." आम्ही दोघं त्याच स्वयंपाकघराच्या टेबलावर परीक्षांचे नकाशे काढले. पुढं आमचं ऑफिस झालं, तेव्हा त्याच्या दारावर पहिला खिळा मावशीनं ठोकला.

नव्या कामाची खाट आधी ऑफिसात पुठ्ठ्याची बनवायची आणि तिच्यात माणसं झोपवून बघायची, ही आमची पद्धत. गल्लीतल्या बायका हौसेनं यायच्या. मावशी एकदा आत शिरली, पडदा ओढला, दिवा लावला, बराच वेळ बाहेरच येईना. आम्ही काळजीत. मग आतून आवाज आला, "पेटीच आहे मेली, पण पेटीत दिवा आहे. मी मेल्यावर मला हीच द्या. जपमाळ म्हणता येईल."

तर निळ्या फरश्यांचं घर विकलं गेलं. घेणाऱ्या कंपनीला तिथं हॉस्टेल हवं होतं. काम आम्हाला मिळालं ते माझ्या एका चित्रामुळे. मी टाक्याचं अंगण चितारलं होतं. हॉस्टेलचं स्वयंपाकघर मागं, त्याची मोठी खिडकी टाक्यावर उघडणारी. एका कडेला गल्लीतल्या बायका चादरी धुताहेत, दुसऱ्या कडेला कुठल्या कुठल्या देशाची पोरं आपले मोजे. बोळाचं दार तसंच, गल्लीकडे उघडणारं. मला वाटलं होतं, शहर बघायला आलेल्याला शहर भेटायचं तर असं भेटावं, ढोपरापर्यंत ओलं.

त्या वर्षी जूनमध्ये, सांजांवच्या सणाला, मावशीनं मला मंजेरिकोची कुंडी दिली. आमच्याकडे सांजांव म्हणजे बारीक पानांच्या त्या सुगंधी झुडपाची कुंडी, आणि कुंडीत खोचलेली कागदाची पताका, आणि पताकेवर चार ओळींचं कवन. बाजारात छापील कवनं मिळतात. मावशी स्वतःची करायची. मी शिकून बाहेर पडले त्या वर्षी तिनं लिहिलं होतं:

लेक माझी घरं बांधे
उंच उंच जिने त्याला
वर चढताना बाई
विसरू नको उंबऱ्याला

आणि माझं टाक्याचं चित्र बघितल्यावरचं हे:

पाण्याला ना दार कडी
पाणी सगळ्यांची आई
दूरदेशीचं लेकरू
धुऊन वाळवून जाई

मी ती पताका ऑफिसात भिंतीला लावली. तेल्मोनं ती मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, आपल्या कामाचं याहून चांगलं वर्णन आपल्याला जमलं नसतं.

शरदात काम सुरू होणार होतं. बोळात राडारोडा पडणार, दार दुरुस्तीला काढणार, कुलूप बदलणार. म्हणून बायकांना विनंती करायची होती की काम होईतो किल्ल्या आमच्याकडे द्या. हे सांगायला मी टाक्यावरच गेले. बायका कडेला बसल्या होत्या, तेल्मो झुल्मिराची ओल्या कपड्यांची टोपली वर नेऊन देत होता. आर्मिंदा दगडावर साबण घासत राहिली. तिची किल्ली तिच्या सासूची, सासूच्या सासूची.

मग मी आईची किल्ली काढली आणि मावशीच्या घरून आणलेल्या साराच्या वाडग्यात ठेवली. चिनीमातीवर लोखंड वाजलं. म्हटलं, ही माझ्या आईची. मी आधी देते. पुढच्या सांजांवच्या पहाटे दार उघडं असेल. कुलूप नवं, किल्ल्या नव्या, दार तेच.

सांजांवच्या पहाटेचं महत्त्व गल्लीतल्या लहान पोरालाही ठाऊक. त्या पहाटेच्या पाण्यात वर्षाची इडापिडा जाते म्हणतात. सूर्य उगवायच्या आत बायका टाक्यावर जमायच्या, एकमेकींची तोंडं धुवायच्या, मग वर्षातलं पहिलं धुणं. आईनं मला त्या पाण्यानं आंघोळ घातली होती, तिच्या शेवटच्या वर्षी मी तिचं तोंड धुतलं होतं. तेव्हा सांजांवची पहाट म्हटल्यावर मी काय बोलतेय हे सगळ्यांना कळलं, मलाही.

मावशी उठली. तिनं किल्ली वाडग्यात टाकली नाही. माझ्या तळहातावर ठेवली, माझी बोटं एकेक करून मिटली, आणि म्हणाली, "तुझ्या हातात देतेय." तिच्यामागून सगळ्यांनी तसंच केलं. किल्ल्या माझ्या मुठीत मावेनात.

वसंतात आम्हाला एव्होऱ्याला दुसरं काम मिळालं, लांब, मैदानी मुलखात. तेल्मो म्हणाला, तू जा, वरच्या खोल्यांचं तुझं काम झालंच आहे, खालचं मी बघतो. निघताना किल्ल्यांचा वाडगा मी त्याच्या टेबलावर ठेवला. नव्या कुलुपाच्या किल्ल्या झाल्या की याच लोकरी आणि बिल्ले त्यांना बांधायचे, असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मला शिकवतेस? तो लाल धागा मी रोज बघत मोठा झालोय."

फोनवर मी विचारायची, बोळ कसा झालाय? तो सांगायचा, छान. फोटो पाठव म्हटलं की म्हणायचा, फरश्या बसवतायत, धूळ आहे, तू ये आणि डोळ्यांनीच बघ. मला ते आवडायचं. मला वाटायचं, माझ्यासाठी नवलाई राखून ठेवतोय.

सांजांवच्या आदल्या दिवशी दुपारी मी स्टेशनवर उतरले. शहर सणाच्या गडबडीत. गल्लोगल्ली शेगड्या पेटवून सार्डिन मासे भाजायची तयारी, दुकानांत प्लास्टिकच्या रंगीत हातोड्या. आमच्याकडे त्या दिवशी ओळखीचं असो नसो, दिसेल त्याच्या डोक्यात हातोडी मारायची, भलं होवो म्हणून. चढ चढताना मला चार जणांनी मारली. मी हसत हसत निळ्या घरात शिरले.

वरपासून खालपर्यंत मीच आखलेलं घर. जिन्यावरच्या काचेतून दुपार सरळ तळाशी उतरली होती. खाटांचे पडदे, चपट्या पायऱ्या, खुंट्या, सगळं माझ्या मनातल्यासारखं. मी रिसेप्शनकडे वळले आणि तिथल्या भिंतीवर मला किल्ल्या दिसल्या.

काळ्या फळीवर, ओळीनं, तांब्याच्या तारेनं बांधलेल्या. प्रत्येकीवर काळं चकचकीत रोगण. लोकर नाही, बिल्ला नाही, दोऱ्याची गाठ नाही, बटण नाही. फुलपाखरं टाचणीनं टोचून ठेवतात तशा. वर छोटा दिवा. एक मुलगा तिथं उभा राहून फोटो काढत होता.

मी मागं गेले. बोळात आता भिंतीला लागून पिशव्या ठेवायचे कप्पे. टाक्यात निळा दिवा सोडलेला, पाणी गरम केलेलं, वाफ येत होती. कडेच्या दगडावर, जिथं बायकांच्या पिढ्यांनी घासून घासून खळगे पाडले होते, तिथं पेल्यांसाठी फळ्या. गल्लीच्या बाजूनं दार होतं, हिरवं रंगवलेलं, सुंदर. त्याला कुलपाचं भोकच नव्हतं. एक काळी टिकली होती, पाहुण्यांनी कार्ड लावायची.

तेल्मो अंगणातच होता, माळेचे दिवे बांधत होता. शिडी लागत नव्हती त्याला. मला बघून त्याचे हात थांबले. मी ओरडले नाही. विचारलं फक्त. त्यानं सांगितलं, आणि एकदा सांगायला लागल्यावर त्याला बरंच वाटायला लागलं असावं. कंपनीला गल्लीचा राबता नको होता. पाहुण्यांच्या सामानाची जोखीम, बाहेरचं कुणीही आत येणार. टाक्याशिवाय त्यांना घर नको होतं आणि बायकांसकट टाकं नको होतं. आपण नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी केलं असतं, आणि त्या दुसऱ्यानं टाकं फोडून लिफ्ट बसवली असती. निदान दगड वाचला. आणि खरं सांग इदा, काम सुरू व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात किती जणी येत होत्या? सगळ्यांच्या घरी मशिनं आहेत.

"पण त्यांचा हक्क होता," मी म्हटलं. "त्या भांडल्या असत्या."

"त्यांनी किल्ल्या आपण होऊन दिल्या," तो म्हणाला. "वकील म्हणाला, वहिवाट सोडल्याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही."

माझ्या पायाखालची फरशी माझीच होती, मीच निवडलेली, ओल्या पायांनी घसरू नये अशी. तरी मी भिंत धरली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस," तेल्मो म्हणाला. इतक्या सरळपणे म्हणाला, की जणू ही माझी काळजी घेतल्याची गोष्ट होती.

मी त्याला म्हटलं, उद्याची एक पहाट. फक्त उद्या, सूर्य उगवेपर्यंत, ते हिरवं दार उघडं ठेव. पुढचं पुढं बघू, भांडू, कोर्टात जाऊ. उद्या मी दिलेला शब्द आहे. तो बराच वेळ दिव्यांच्या माळेशी खेळत राहिला. मग म्हणाला, ठेवतो. तुझ्यासाठी. मावशीसाठी. आणि सणाचा दिवस म्हणून खिशातली छोटी हातोडी काढून माझ्या डोक्यावर हलकेच टेकवली.

मी विश्वास ठेवला. कुणी म्हणेल, कसा ठेवलास? ज्याचे मोजे आपल्या घरात रफू झाले त्याच्यावर कसा ठेवायचा नाही, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

गल्लीत मावशीच्या दारासमोर शेगडी पेटली होती. पुढच्या दाराच्या काचेतून भिंतीवरच्या किल्ल्या सगळ्यांनी बघितल्या होत्या, हे मला कुणी न बोलताच कळलं. एरवी मी आले की झुल्मिरा माझ्या बारीक होण्यावर बोलायची, आर्मिंदा लग्नाचं विचारायची. आज कुणी चिडवलं नाही. मावशीनं भाकरीवर सार्डिन ठेवून माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, उद्या पहाटे दार उघडं असेल. तेल्मोनं शब्द दिलाय.

मावशीनं मासा उलटला. "येऊ," म्हणाली.

पहाट झाली. नदीकडून धुकं चढत होतं, रस्त्यात कालच्या हातोड्या आणि कांद्याच्या पाती पडलेल्या. बायका आल्या. काठी टेकत आर्मिंदा, टोपली कमरेवर घेऊन झुल्मिरा, आणखी चौघीपाचजणी, आणि मागं मावशी, तिच्या टोपलीत वर झाकलेलं काहीतरी. सणाच्या पहाटे घालतात तसे सगळ्यांचे धुतलेले, इस्त्रीचे कपडे. मी हिरव्या दारापाशी आधीच उभी होते.

दार बंद होतं. मी ढकललं, काळ्या टिकलीवर तांबडा ठिपका लागला. तेल्मोला फोन केला, बंद. पुन्हा केला. बायका थांबल्या होत्या, जशा बसची वाट बघतात तशा, शांत. दाराच्या पलीकडे पाण्याचा आवाज येत होता.

मग झुल्मिरा म्हणाली, "पुढच्या दारानं जाऊ. पाहुण्यांसारखं."

आम्ही पुढच्या दारानं गेलो. रिसेप्शनवर फेम्के नावाची डच मुलगी होती, झोपाळलेल्या डोळ्यांची, नुकतीच कामाला लागलेली. मी तिला सांगितलं, या बायकांना पाच मिनिटं मागं जायचंय. तिनं कुणाला तरी फोन लावला, उचलला गेला नाही. ती म्हणाली, अंगण फक्त इथं राहणाऱ्यांसाठी आहे, माफ करा. खरंच वाईट वाटलेलं होतं तिला.

मावशी पुढं झाली. टोपली टेबलावर ठेवली.

"मग आम्हाला खाटा दे, बाळा. सगळ्यांना. वरच्या नको, गुडघे नाहीत."

बायका हसल्या. फेम्केही हसली, कारण हसण्यावारी गेलेलं बरं असं तिला वाटलं असेल. पण मावशीनं शालीआडून ओळखपत्र काढून समोर ठेवलं होतं. मग झुल्मिरानं ठेवलं. फेम्केनं ते हातात घेतलं, पत्ता वाचला, आणि तिचा चेहरा पडला. तिनं माझ्याकडे बघितलं, मदत मागावी तसं, आणि हळू आवाजात म्हणाली, की या शहरात राहणाऱ्यांना इथं खाट देता येत नाही. नियम आहे.

नियम मला माहीत होता. सगळ्याच हॉस्टेलांत असतो. गावातली दारू प्यायलेली पोरं पाहुण्या मुलींच्या मागं येऊन गोंधळ घालतात, म्हणून. मी कधी त्यावर दोनदा विचार केला नव्हता. मी माझंही ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. हे घर मी आखलंय, म्हटलं. वरची प्रत्येक खाट. फेम्केनं माझा पत्ता वाचला. तीच गल्ली.

"तुम्हालाही नाही देता येणार," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मी टेबलाच्या मागं गेले. तिनं मला अडवलं नाही. तांब्याच्या तारा मी बोटांनी उलगडल्या, एकेक. नखं मोडली. किल्ल्या माझ्या गळ्यातल्या रुमालात जमा केल्या आणि बाहेर, पायरीवर, बायकांच्या पुढं पसरल्या. म्हटलं, घ्या. आपापल्या घ्या.

बायका वाकल्या. एक उचलायची, उलटीसुलटी बघायची, ठेवायची. आर्मिंदानं एक नाकाशी नेली. तिला काय हवं होतं, सासूच्या हाताचा वास? सगळ्या सारख्या काळ्या, सारख्या चकचकीत. मी स्वतः आईची शोधत होते. बटण नसलेली आईची किल्ली कशी असते, हे मला माहीतच नव्हतं.

"घ्या गं कुठलीही," झुल्मिरा म्हणाली. "सगळ्याच बिनकामाच्या. नवऱ्यांसारख्या."

कुणी घेतली नाही. दार नसलेली किल्ली घरात ठेवू नये, असं आमच्याकडे म्हणतात.

मी मावशीचा हात धरला. "मावशी, मला माहीत नव्हतं गं. शपथ. मला काही माहीत नव्हतं."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. कोरडा, खरखरीत, साबणानं पिकलेला हात. दर वर्षी तो या वेळी ओला असायचा.

"तुला माहीत नव्हतं, हे मला माहीत आहे, पोरी," ती म्हणाली. "तेल्मोनं केलं, तेही माहीत आहे. पण किल्ली मी तेल्मोच्या हातात नव्हती दिली."

एवढंच. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. रागावली असती तर मी पायांवर डोकं ठेवलं असतं. पायांशी जायला तिनं जागाच ठेवली नाही.

मग तिनं टोपलीवरचं फडकं काढलं. मंजेरिकोची कुंडी होती, गोल, दाट, दवानं भिजलेली. तिनं ती माझ्या शेजारी पायरीवर ठेवली, किल्ल्यांच्या बाजूला. पताका खोचलेली होती. मी ती वळवून बघितली. एका बाजूनं कोरी. दुसऱ्या बाजूनंही कोरी.

"यंदा जुळलं नाही," मावशी म्हणाली.

बायकांनी टोपल्या उचलल्या. सूर्य यायला थोडा अवकाश होता. नदीवर जाऊ, आर्मिंदा म्हणाली, पाणी ते पाणी. नदीचं पाणी खारट असतं, टाक्याचं गोड, हे तिलाही ठाऊक होतं. त्या उतरणीला लागल्या, एकमेकींचा हात धरून, कारण पायऱ्या दवानं निसरड्या झाल्या होत्या. मला कुणी ये म्हणालं नाही. मला कुणी येऊ नको असंही म्हणालं नाही. मावशी वळणावर थांबली, मला वाटलं मागं बघेल. तिनं श्वास घेतला आणि ती पुढं गेली.

आतून फेम्केनं माझं ओळखपत्र आणून दिलं आणि गुपचूप परत गेली. वर कुणीतरी पाहुणी उठली होती. माझ्या चपट्या पायऱ्यांवरून अनवाणी उतरण्याचा आवाज आला, मऊ, न टोचणारा. मग मागचं दार उघडल्याचा. मग पाण्यात कुणीतरी शिरल्याचा.

मंजेरिकोला नाक लावायचं नसतं, माणसाच्या श्वासानं झाड सुकतं. तळहात पानांवरून फिरवायचा आणि तळहात हुंगायचा, हे आईनं मला बोलायला शिकण्याआधी शिकवलेलं. मी हात फिरवला. पानं गार होती, ओली होती, पहाटेचं सगळं पाणी त्यांच्यावरच उतरलं होतं. मग मी हात नाकाशी नेला. त्याला रोगणाचा वास येत होता.